गळ्याभोवतीचा पट्टा आणि काचेची बाटली: नियासिनामाइडचा इतिहास

बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानमालेत चेहऱ्याला लावायचं सीरम कुठून आलं? तर आधी तेवढं सांगून टाकतो. आज कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये गेलात तर काउंटरवर छोट्या काचेच्या बाटल्या दिसतात, ड्रॉपर लावलेल्या, आणि त्यावर लिहिलेलं असतं ‘नियासिनामाइड १० टक्के’. आपल्या घरातली कॉलेजला जाणारी मुलंमुली हा शब्द आता हळद-चंदनासारखा सहज उच्चारतात. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याचंच नाव निकोटिनामाइड आहे. पदार्थ एकच. ब जीवनसत्त्वांपैकी ब-३ नावाचं जे जीवनसत्त्व आहे, त्याचं हे एक रूप. दुसरं रूप म्हणजे नियासिन, म्हणजेच निकोटिनिक आम्ल.

हे लावावं की नाही, किती लावावं, याच्या चिठ्ठ्या येणार हे आम्हाला ठाऊक आहे. त्या घेऊच. पण आम्हाला आज मुख्यतः वेगळं सांगायचंय. हा पदार्थ माणसाला सापडला तो त्वचेमुळेच, पण त्यावेळी तो त्वचेवर लावायचा प्रश्नच नव्हता. त्वचा फक्त ओरडून सांगत होती की ताटात काहीतरी कमी आहे, आणि जवळजवळ दोनशे वर्षं भल्याभल्या विद्वानांनी त्या त्वचेकडे पाहून भलतंच काहीतरी वाचलं.

सुरुवात स्पेनमधून करू. उत्तरेला आस्तुरियास नावाचा डोंगराळ, पावसाळी प्रांत आहे. तिथे ओव्हिएदो गावात गास्पार कासाल नावाचे वैद्य होते. १७३५ मध्ये त्यांनी गरीब शेतकऱ्यांमधल्या एका विचित्र आजाराची नोंद केली. हातापायांच्या पाठीवर लालसर चट्टे उठायचे, मग ते काळपट, जाड, भेगाळलेले व्हायचे. आणि गळ्याभोवती एक रुंद पट्टा, जणू कुणी गळ्यात काहीतरी घातलंय. लोक त्याला ‘माल दे ला रोसा’ म्हणायचे, म्हणजे गुलाबी रोग. कासाल वारले १७५९ मध्ये. त्यांचं पुस्तक छापलं गेलं ते त्यानंतर, १७६२ मध्ये. आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा पट्टा ‘कासालचा हार’ म्हणूनच शिकवतात. या माणसानं एक गोष्ट फार नेमकी टिपली होती: ही माणसं जवळपास मक्यावरच जगतात, मांस त्यांना क्वचित मिळतं. उत्तर हाताशी आलेलं होतं! पण ते तिथेच राहिलं.

मग इटली. पो नदीच्या खोऱ्यात मका आला, आणि मक्याच्या पिठाची ‘पोलेंता’ नावाची घट्ट लापशी हेच शेतमजुरांचं दोन्ही वेळचं जेवण झालं. तिथेही तोच रोग. १७७१ मध्ये मिलानचे फ्रापोली यांनी त्याला लोकांच्या तोंडचंच नाव दिलं, ‘पेल्ले आग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी. त्याचं झालं पेलाग्रा. आधी त्वचा, मग जुलाब, मग बुद्धिभ्रंश, आणि शेवटी मरण. उत्तर इटलीतल्या वेड्यांच्या इस्पितळांत या रोगाचे रुग्ण भरलेले असत.

आता इथे एक प्रश्न पडायला हवा. मका तर मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोतली माणसं हजारो वर्षं मकाच खात होती. त्यांना का नाही झालं? उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. तिथल्या बायका मका नुसता दळत नाहीत. तो चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुतात, आणि मग पाट्यावर वाटतात. मक्यात नियासिन असतं, पण ते असं घट्ट बांधलेलं असतं की पोटाला ते सुटं करता येत नाही. चुन्यानं ती गाठ सुटते. शिवाय सोबत घेवडा असायचा, भोपळा असायचा. युरोपीय लोकांनी मका उचलला, जहाजात भरला, पण चुन्याची रीत विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. रानटी लोकांच्या चुलीवरून काय शिकायचं, हा भाव. धान्य समुद्र ओलांडून आलं, रीत तिकडेच राहिली.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात वाद चालू राहिला. खराब, बुरशी लागलेल्या मक्याचं विष हे कारण असावं, असं मानणारा मोठा पक्ष होता. गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतात असं सांगणारे ते चेझारे लोम्ब्रोझो, तेही याच पक्षात होते. त्याचा तपशील आज सोडून देतो, कारण खरी गोष्ट पुढे अमेरिकेत घडते.

१९०७ मध्ये अलाबामा राज्यातले डॉक्टर जॉर्ज सिअरसी यांनी कृष्णवर्णीय मनोरुग्णांच्या एका इस्पितळातल्या ८८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पेलाग्रा, आणि त्यातले निम्म्याहून अधिक दगावलेले. त्यानंतर दक्षिणेकडच्या राज्यांत हा रोग सगळीकडे दिसायला लागला. आधी नव्हता का? होता, पण आता उसळला. कारण काय, तर कापूस. मालकाची जमीन कसणाऱ्या कुळाला दारापर्यंत कापूसच लावायला लागायचा. भाजीला, गाईला जागा नाही. उधारी मालकाच्याच दुकानात, आणि त्या दुकानात मिळायचं तीनच गोष्टी: मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. त्यातच नव्या गिरण्या आल्या. पीठ जास्त दिवस टिकावं म्हणून त्या मक्याचा कोंभ काढून टाकायच्या, म्हणजे जे थोडंफार सत्त्व होतं तेही गेलं. आपल्याकडे ‘कापूसकोंड्याची गोष्ट’ म्हणतात ना, तशी ही अक्षरशः कापसातून कोंड्यापर्यंत जाणारी गोष्ट आहे! १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे १ लाख माणसं मेली, असा अंदाज सांगतात.

आणि लोक त्या रुग्णांकडे कसं पाहत होते? कुष्ठरोग्यासारखं. काही इस्पितळांनी त्यांना घ्यायला नकार दिला. शाळेतून मुलं काढली गेली. गळ्यावरचा तो पट्टा दिसला की माणूस घाणेरडा, आळशी, हलक्या रक्ताचा, असा शिक्का. चार्ल्स डेव्हनपोर्ट हे सुप्रजननवादाचे मोठे पुढारी. त्यांनी तर १९१६ मध्ये अहवालच लिहिला की या रोगात आनुवंशिकतेचा हात आहे. एका चौकशी मंडळानं सांगितलं की हा संसर्ग आहे, बहुधा घाणीतून पसरतो.

१९१४ मध्ये अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर पाठवलं. हा माणूस मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीतला, ज्यू कुटुंबातला. लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आलेला, वडिलांचं तिथे किराणा दुकान. आम्हाला नेहमी वाटतं, किराणा दुकानदाराच्या मुलालाच हे दिसावं यात काहीतरी आहे. कोण काय विकत घेतो हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं.

त्यानं पाहिलं ते इतकं साधं होतं की हसू येईल. वेड्यांच्या इस्पितळांत, अनाथाश्रमांत रुग्णांना पेलाग्रा होतो. पण तिथल्या परिचारिका, रखवालदार, नोकर यांना कधीच होत नाही. संसर्ग असता तर तो हुद्दा पाहून लागला असता का? मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातल्या अनाथाश्रमात तर अजून गंमत होती. अगदी लहान मुलांना नाही, मोठ्या मुलांना नाही, मधल्या साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र रोग. का? तान्ह्यांना दूध मिळायचं. मोठी मुलं कामाला जायची म्हणून त्यांना थोडं मांस मिळायचं. मधल्यांच्या वाट्याला दोन्ही नाही. गोल्डबर्गरनं सरकारी पैशानं दूध, अंडी, मांस, शेंगदाण्या-घेवड्याच्या जातीची कडधान्यं सुरू केली. रोग ओसरला.

मग उलटा प्रयोग. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या रँकिन तुरुंग-शेतावर काही कैद्यांना गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांनी माफी देऊ केली, बदल्यात त्यांनी काही महिने ठरावीक जेवण जेवायचं: मक्याची भाकर, मक्याची लापशी, रताळी, भात, काकवी, असंच. शेवटपर्यंत राहिलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या अंगावर पेलाग्रा उमटला. कैद्याची ‘संमती’ म्हणजे काय, हा प्रश्न इथे उभा राहतोच. आज कुठलीही नैतिक समिती हा प्रयोग होऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्यानं सिद्ध केलं ते केलं.

तरी विरोधक ऐकेनात. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गरनं जे केलं ते ऐकून तुमच्यापैकी काहींना चहा नकोसा होईल, पण सांगावं लागेल. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, आणि रुग्णांच्या त्वचेचे पापुद्रे, मलमूत्र पिठात कालवून त्याच्या गोळ्या गिळल्या. त्याची बायको मेरी हिनंही मरणाऱ्या बाईचं रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. संसर्गाचा मुद्दा तिथे संपायला हवा होता.

पण आमच्या मते गोल्डबर्गरचं सर्वांत मोठं काम यापुढचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. एडगर सायडनस्ट्रिकर नावाच्या अर्थतज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यानं दक्षिण कॅरोलिनातल्या कापड गिरण्यांच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन हिशेब मांडला. कुणाच्या घरी किती पगार येतो, त्यात दूध किती, मांस किती, आणि रोग कुणाला. उत्पन्न जितकं कमी तितका पेलाग्रा जास्त. आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती सिद्ध का करावी लागावी असा प्रश्न पडेल. पण सिद्ध करणं आणि मान्य होणं यात अंतर असतं. १९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. १९२१ मध्ये गोल्डबर्गरनं इशारा दिला की आता रोग वाढणार, उपासमार होणार. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा केली. दक्षिणेतले पुढारी भडकले. आमच्याकडे उपासमार? आमची बदनामी! गुंतवणूकदार काय म्हणतील? मदत नको, असा निरोप गेला. हा संवाद कुठल्या राज्यातला, कुठल्या सालचा, हे न सांगता वाचून दाखवला तर ओळखता येणार नाही.

१९२७ मध्ये मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला तेव्हा गोल्डबर्गरच्या सल्ल्यावरून रेड क्रॉसनं पूरग्रस्तांना दारूच्या भट्टीतलं यीस्ट वाटलं. स्वस्त, कडवट, पण त्यात ते अज्ञात ‘काहीतरी’ होतं. ते काहीतरी म्हणजे काय, हे कळायच्या आत, १९२९ मध्ये, गोल्डबर्गर कर्करोगानं गेला.

आणि आता इतिहासाची चेष्टा बघा. ते काहीतरी माणसाकडे आधीपासून होतं! तंबाखूतल्या निकोटिनवर तीव्र रसायनांची प्रक्रिया करून ह्यूबर या जर्मन रसायनज्ञानं १८६७ मध्ये एक आम्ल तयार केलं होतं. निकोटिनपासून केलं म्हणून निकोटिनिक आम्ल. पुढे सत्तर वर्षं ती बाटली प्रयोगशाळांच्या फळीवर पडून होती. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द ज्यांनी दिला त्या कासिमिर फुंक यांनी तर तांदळाच्या कोंड्यातून तेच आम्ल वेगळं काढलं होतं. पण ते शोधत होते बेरीबेरीचं औषध, बेरीबेरीवर ते चाललं नाही, म्हणून बाजूला ठेवलं. १९३५ मध्ये ओटो वारबुर्ग आणि क्रिस्टियान यांना बर्लिनमध्ये घोड्याच्या रक्तपेशींत निकोटिनामाइड सापडलं, पेशींच्या श्वसनाच्या यंत्रणेतला एक भाग म्हणून. शेवटी १९३७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेयेम यांनी दोन टोकं जोडली. कुत्र्यांना पेलाग्रासारखाच ‘काळी जीभ’ नावाचा रोग होतो. मरायला टेकलेला कुत्रा या आम्लाच्या छोट्याशा मात्रेनं उठून खायला लागला. यकृताच्या अर्कातून त्यांनी काढलेला गुणकारी पदार्थ म्हणजे निकोटिनामाइड. म्हणजे आपल्या बाटलीतलंच ते. त्याच वर्षी माणसांना दिलं. आठवडाभरात जीभ, तोंड, मन सगळं ताळ्यावर येणारे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले.

जाता जाता एक सांगतो. १९४५ मध्ये पॅरिसला शोरीन यांना निकोटिनामाइडमुळे क्षयाचे जंतू दबतात असं आढळलं. त्याच दिशेनं शोधत गेल्यावर १९५२ मध्ये आयसोनियाझिड हाती लागलं, जे आजही आपल्या क्षयरुग्णांना दिलं जातं. या औषधाचा या कथेशी अजून एक धागा आहे, तो शेवटी येईल.

मग प्रश्न आला नावाचा. युद्धाच्या दिवसांत अमेरिकेनं पावामध्ये हे जीवनसत्त्व घालायचं ठरवलं. पण पावाच्या वेष्टनावर ‘निकोटिनिक आम्ल’ छापलं तर लोक म्हणणार, पावात तंबाखू आहे. त्यामुळे १९४२ च्या सुमारास निकोटिनिक, ॲसिड आणि व्हिटॅमिन या शब्दांचे तुकडे जोडून नवीन नाव तयार केलं: नियासिन. त्याच्या दुसऱ्या रूपाला नियासिनामाइड. आज सीरमच्या बाटलीवर जे नाव दिमाखात छापलेलं असतं, ते मुळात पाव खपावा म्हणून बनवलेलं नाव आहे. १९४३ पासून तिथे पावात सत्त्वं घालणं सक्तीचं झालं. युद्धानंतर पेलाग्रा दक्षिणेतून जवळपास नाहीसा झाला, अर्थात पावाबरोबर पगार, रोजगार, बाजार हेही बदलले होते.

आता आपल्या दख्खनकडे येऊ, कारण ही गोष्ट दूर देशाची नाही. मक्याचा रोग म्हणून पेलाग्रा जगभर ओळखला जात असताना हैदराबादच्या डॉक्टरांपुढे एक कोडं होतं. तेलंगणातल्या भूमिहीन शेतमजुरांमध्ये तोच पट्टा, तेच काळे हात दिसत होते, पण ही माणसं मका खात नव्हती. ती ज्वारी खात होती. १९५६ पर्यंत आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता. ताट तेच, ज्वारीच्या भाकरीचं. कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादला हलली, आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तिथले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलं म्हणणं मांडलं. शरीर प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅनपासूनही थोडं नियासिन बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम. मक्यात ट्रिप्टोफॅनच कमी. ज्वारीत तसं ते फार कमी नाही, पण ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर आहे, आणि ते या बनवण्यात खोडा घालतं, असं त्यांचं प्रतिपादन होतं. परदेशातल्या काही प्रयोगशाळांना ते पटलं नाही, वाद झाला, तो पूर्ण मिटला असं म्हणता येणार नाही. पण गोपालन यांचं मोठेपण आम्हाला यात वाटतं की बाहेरच्या पुस्तकात ‘मका’ लिहिलंय म्हणून त्यांनी समोरच्या मजुराच्या ताटातली ज्वारी नजरेआड केली नाही.

घाबरून ज्वारी सोडू नका हं! सध्या भरडधान्यांना बरे दिवस आलेत, आणि ते चांगलंच आहे. रोग होतो तो नुसत्या भाकरीवर, मिरची-मिठाबरोबर महिनोन् महिने जगावं लागलं तर. सोबत डाळ, ताक, शेंगदाण्याची चटणी असली की प्रश्नच नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात १२ मिलिग्रॅमच्या आसपास नियासिन असतं. प्रौढ माणसाची रोजची गरज १४ ते १६ मिलिग्रॅमची. सोलापुरी चटणीला कुणी जीवनसत्त्व म्हणत नाही, एवढंच. १९९० मध्ये आफ्रिकेत मलावीमधल्या मोझांबिकी निर्वासितांच्या छावण्यांत शेंगदाण्याचा पुरवठा थांबला, मका तेवढा राहिला, आणि काही महिन्यांत सुमारे १८ हजार माणसांना पेलाग्रा झाला.

इथपर्यंत सगळं पोटातलं. ते चेहऱ्यावर कधी आलं? त्यासाठी मुंबईला यावं लागतं. हिंदुस्तान लिव्हर कंपनीचं अंधेरीला संशोधन केंद्र होतं. १९७१ मध्ये कंपनीनं त्वचेचा रंग उजळ करण्यासाठी नियासिनामाइड वापरायचं पेटंट घेतलं, आणि १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. बरेच जण समजतात की नियासिनामाइड ही कोरियाहून किंवा इन्स्टाग्रामवरून आलेली नवी गोष्ट आहे. आपल्या आईच्या, मावशीच्या कपाटातल्या त्या गुलाबी ट्यूबमध्ये तेच होतं. फक्त नाव कुणाला माहीत नव्हतं, कारण विकलं जात होतं ते रसायन नव्हे, विकला जात होता रंग.

आणि कुठल्या भीतीवर विकला जात होता हे या सभागृहात सांगायची गरज नाही. ‘मुलगी गोरी हवी’ हे स्थळांच्या जाहिरातीत छापून येणारं वाक्य आहे. क्रीम लावली की नोकरी मिळते, स्थळ जमतं, बापाला मुलगा नसल्याचं दुःख उरत नाही, अशा जाहिराती होत्या. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २००३ मध्ये काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. पुन्हा एकदा नाव बदललं. पावाच्या वेळी तंबाखूचा वास नको होता, आता गोरेपणाचा.

आम्हाला यात खुपतं ते असं. पेलाग्राच्या रुग्णाचा काळवंडलेला गळा हा खराखुरा आजार होता, तर जगानं त्याला त्याच्या रक्ताचा दोष ठरवलं. सावळ्या मुलीचा रंग हा आजार नाहीच, तर त्यावर औषध काढलं. आणि दोन्हीकडे रेणू एकच.

विज्ञान काय म्हणतं? क्रीम विकायला लागून पाव शतक उलटल्यावर ते कसं काम करतं याचा नीट अभ्यास झाला. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या. त्या रंगाच्या बारीक पुड्या करून शेजारच्या पेशींना देतात. २००२ मध्ये हाकोझाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नियासिनामाइड रंग बनणं थांबवत नाही, पुड्यांची ही देवाणघेवाण कमी करतं. लावणं थांबवलं की देवाणघेवाण पूर्ववत सुरू होते. म्हणजे डाग थोडे फिके होऊ शकतात. जन्मजात रंग बदलत नाही. त्याआधी १९९५ मध्ये अमेरिकेत ७६ जणांवर झालेल्या एका चाचणीत मुरुमांवर ४ टक्के निकोटिनामाइडचं जेल हे १ टक्का क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या जेलइतकंच उपयोगी पडलं होतं. २००० मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की त्वचेतला सेरामाइड नावाचा स्निग्ध पदार्थ यामुळे वाढतो, म्हणजे त्वचेचा ओलावा धरून ठेवणारा बांध पक्का होतो. आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात, जिथे गोऱ्या कातडीला उन्हानं कर्करोग होतो, ३८६ जणांवर पोटात गोळ्या देऊन केलेल्या चाचणीत वर्षभरात मेलानोमा सोडून इतर त्वचाकर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. हे सगळे ज्यांना आधीच असा कर्करोग होऊन गेलेला, असे लोक होते. आपण उठून गोळ्या घ्यायचं कारण नाही. पण एक गोष्ट इथे जुळते. उन्हानं पेशींचं जे नुकसान होतं ते भरून काढायला शक्ती लागते, आणि ती शक्ती पुरवणाऱ्या यंत्रणेत ब-३ असतं. म्हणूनच पेलाग्राचा पट्टा नेमका सदऱ्याच्या गळ्यातून जिथवर ऊन पडतं, तिथवरच उठायचा. कासालना १७३५ मध्ये दिसलेल्या हाराचा अर्थ लागायला एवढी वर्षं जावी लागली.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली: ‘दहा टक्के चांगलं की पाच टक्के?’ ही टक्क्यांची चढाओढ अलीकडची, विशेषतः २०१६ मध्ये कॅनडातल्या ‘द ऑर्डिनरी’ या कंपनीनं १० टक्क्यांचं स्वस्त सीरम आणल्यानंतरची. त्यांचं एक श्रेय मान्य करू: रसायनाचं नाव आणि प्रमाण त्यांनी सरळ वेष्टनावर छापलं, त्यामुळे लोक निदान विचारायला लागले. पण अभ्यास झालेत ते मुख्यतः २ ते ५ टक्क्यांवर. दहानं दुप्पट फायदा होतो असं नाही; नाजूक त्वचेला चुरचुर मात्र होऊ शकते. दुसरी चिठ्ठी: ‘कधी लावायचं?’ तोंड धुतल्यावर, मॉइश्चरायझरच्या आधी, सकाळी किंवा रात्री. दोन-तीन महिने थांबायची तयारी हवी. आणि दिवसा सनस्क्रीन नसेल तर डागांसाठी हे लावणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. डाग वाढत असतील, तर दुकानदाराऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

तिसरी चिठ्ठी चांगली आहे: ‘पेलाग्रा आता संपला का?’ नाही. साथ म्हणून आपल्याकडे तो दिसत नाही, पण इस्पितळांत अधूनमधून येतो. दारूच्या व्यसनात ज्यांचं जेवण सुटलंय अशांमध्ये, दीर्घ आजारात, आणि कधीकधी आयसोनियाझिड घेणाऱ्या, मुळातच कमी खाणाऱ्या क्षयरुग्णांमध्ये. मघाशी म्हटलं तो धागा हाच. कित्येकदा त्यांना आधी खरजेचं मलम नाहीतर ॲलर्जीची गोळी मिळालेली असते. मलमानं तो बरा होत नाही, कितीही टक्क्यांचं असलं तरी. पोटातून निकोटिनामाइड द्यावं लागतं, साधारण ३०० मिलिग्रॅम रोज, तीन-चार आठवडे, आणि जोडीला नीट जेवण. जाणकार डॉक्टर हाताच्या पाठीवरचे आणि गळ्याभोवतीचे चट्टे पाहिले की औषध लिहायच्या आधी रुग्णाला विचारतात, ‘काल काय जेवलात?’